टिटवी कुठं बसली?

अंबूबाईनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नऊवारी लुगड्यात होतो. जत्रेत आमचा तमाशाचा फड लागला होता, गवळण चालू होती आणि मी तिच्यात मावशी झालो होतो. ती नवी नवरी. मेंढरांच्या वाड्याबरोबर मुक्कामाला आलेली, नवऱ्याचा डोळा चुकवून पुढच्या रांगेत मातीत येऊन बसलेली. मला काही ती आठवत नाही. वरून बघितलं की खालची सगळी तोंडं सारखीच दिसायची. पण तिला मी आठवलो.

पुढं फड मोडला, माझे गुडघे गेले, बायको गेली, आणि विट्याकडचं गाव सोडून मी कवठे महांकाळच्या पूर्वेला लेकीच्या वाडीत येऊन राहिलो. लेकीचं घर पाझर तलावाच्या बांधाला लागून आहे. तलाव हा सरकारी शब्द. वाडीत त्याला तळं म्हणतात, आणि बरीच वर्षं त्यात पाण्यापेक्षा भेगाच जास्त असायच्या. एका संध्याकाळी मी बांधावर बसलो होतो. खांद्यावर घोंगडं टाकलेली एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली आणि माझं तोंड निरखू लागली.

"आवं, तुमी मावशी न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो, "पर आता आजी झालोय."

ती अशी हसली की तिच्यामागची मेंढरं दचकली. मी पुष्कळ हशे घेतलेत, पण उतारवयात मिळालेला हा हशा मला कुठल्याही जत्रेपेक्षा मोठा वाटला. त्या दिवसापासून ती मला तात्या म्हणू लागली, आणि मेंढरं परतवताना घटकाभर बांधावर टेकू लागली. तिची हकीगत मला तिथंच तुकड्यातुकड्यानं कळली.

तिच्या लग्नात सासूनं, सुलाबाईनं, तिच्या ओटीत नारळाबरोबर एक काळं कोकरू घातलं होतं. त्यांच्या घरात तशी रीतच होती. ते कोकरू सुनेचं. त्याची वीण वाढली तर सुनेचा हात चांगला, असं समजायचं. अंबूबाईच्या कोकराची वीण निम्म्या वाड्यात पसरली. पांढऱ्या-तांबूस मेंढरांत काळी डोकी दिसली की ती काठीनं दाखवायची, "ही समदी माज्या ओटीतली."

सुलाबाईनं तिला आणखी एक गोष्ट दिली. पाखरं बघण्याची नजर. वाडा कधी हलवायचा, कुठं बसवायचा, परत कधी फिरायचं, हे त्यांच्यात पाखरं बघून ठरायचं आणि पाखरं बघणं हे घरातल्या म्हाताऱ्या बाईचं काम. फडात कोण कुठल्या बाजूनं कधी येणार हे ज्याला पाठ असतं, त्याच्या जिवावर खेळ चालतो. अंबूबाईला माळावरच्या पाखरांचं येणंजाणं तसं पाठ होतं. भादव्याच्या शेवटी खळ्याच्या कडेला धोबी पाखरू शेपटी हलवत आलं की ती म्हणायची, पाऊस आता चार सरींचा धनी. दसऱ्याला तारेवर निळ्या पंखांचा चास बसायचा. दिवाळी सरली की उत्तरेकडून भोरड्या यायच्या, हजारांनी, आभाळात काळी चादर झटकल्यासारख्या, आणि शाळूच्या कणसांवर उतरायच्या. राखणीच्या माळ्यांवर गोफणी घेतलेली माणसं आरडायला लागायची. "भोरड्या आल्या की आमी चालाय लागायचो," ती सांगायची. शाळू उभा म्हणजे शेतं बंद. मग वाडा निघायचा पश्चिमेला, कऱ्हाडकडं, पार पाटणच्या डोंगरापर्यंत. वाटेत ऊसवाले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, धान्य द्यायचे. चैत्राच्या तोंडाला पावशा ओरडू लागला की माघारी.

नवरा नानासो असाच एका वर्षी पाटणकडच्या थंडीत छातीच्या दुखण्यानं गेला. तिथल्याच ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला आणि वाडा पुढं निघाला. हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं, आणि दुसऱ्या वाक्यात चुकार मेंढीला शिवी हासडली.

पण तिचा खरा मान होता टिटवीवर.

चैत्र सरत आला की वाडीतले बाप्ये पारावर बसून तिची वाट बघायचे. ती मेंढरं घेऊन खाली आली की कुणीतरी विचारायचंच, "म्हातारे, टिटवी कुठं बसली?"

टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीवरच चार खडे गोळा करते, त्यात मेंढरांच्या लेंड्या आणून घालते, आणि मातीच्याच रंगाची अंडी घालते. ती अंडी माळाच्या माथ्यावर दिसली तर पाऊस भरपूर. उतारावर दिसली तर बेताचा. आणि टिटवी तळ्याच्या पोटात बसली, तर पाऊस उशिरा, मिरग कोरडा. "आई हाय ती," अंबूबाई म्हणायची. "बुडायच्या जागी लेकरं ठेवंल व्हय कोण?" पेरणीची घाई कुणी करायची नाही, हे या एका वाक्यावर ठरायचं.

एकदा तिनं मला अंडी दाखवायला नेलं. गुडघे कुरकुरत होते, तरी गेलो. आम्ही जवळ गेलो तशी टिटवी उठली, थोड्या अंतरावर जाऊन पडली, आणि एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर घासत लंगडत चालू लागली. मला वाईट वाटलं. मी तिच्यामागं दोन पावलं टाकली.

"फसला न्हवं?" अंबूबाई काठीवर वाकून हसत होती. "काय झालं न्हाई तिला. तुमाला लांब न्यायाला बघती. तुमच्यापरास झाक सोंगाडी हाय का न्हाई?"

मी हात जोडले. खरोखर जोडले. पोटासाठी मी जन्मभर सोंगं केली, पण लेकरासाठी केलेलं असं सोंग मी पाहिलं नव्हतं.

मग आमच्याकडं पाणी आलं.

म्हणजे गेली कित्येक वर्षं येतच होतं. कृष्णेचं पाणी पंपानं उचलून कालव्यानं या माळांवर आणायची योजना. आधी शेजारच्या गावांना पोचलं, मग त्यांच्या शेजारच्यांना. आमच्या तळ्याची पाळी दर उन्हाळ्यात येणार म्हणायचे आणि यायची नाही. पण आजूबाजूचा माळ मात्र बदलत गेला. शाळू गेला, द्राक्षबागा आल्या. गोफणी गेल्या. भोरड्या अजून यायच्या, पण वरच्यावर गिरक्या घालून निघून जायच्या, उतरायला काही राहिलं नव्हतं. ज्या उतरायच्या त्या बागांवर, आणि बागांवर जाळ्या. त्या जाळ्यांत अडकून वाळलेली पाखरं मी पाहिलीत. चंडोल दिसेनासे झाले. लावे कमी झाले. उलट कालव्याच्या कडेनं पाणकावळे, शेकाटे, नाना तऱ्हेची लांब पायांची पाखरं दिसू लागली. त्यांना अंबूबाईकडं नावंच नव्हती. ती त्यांच्याकडं पाहुण्यासारखं बघायची. "ही कुटली मंडळी? आमच्या वळखीतली न्हाईत ही," असं काहीतरी म्हणायची आणि विषय सोडून द्यायची.

वाडा आता पश्चिमेला जात नव्हता. ट्रॅक्टर, रस्ते, रासायनिक खतं, कुणाला मेंढरं बसवून घ्यायची गरज नव्हती. मेंढरं घराजवळच चरायची आणि चरायला दर वर्षी कमी मिळायचं. तिचा मुलगा धनाजी कंटाळला होता. माणूस वाईट नाही, आईला उलटून बोलणारा नाही. त्याची बायको राणी तर दिवसभर कोकरांत असायची. पण त्यांच्या दोन एकर माळाला पाणी मिळणार होतं, आणि बाग लावायची तर मेंढरं विकावी लागणार होती.

ते बोलणं माझ्यादेखत झालं. बांधावरच.

"आये, किती दिस वढायचं ह्ये?" धनाजी म्हणाला. "लोकं बागा लावत्यात. आमी लेंड्या गोळा करतोय."

अंबूबाई बराच वेळ जमिनीवर काठीनं रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "हा उन्हाळा काढ. औंदाची कोकरं तगली, तर वाडा मोडायचा न्हाई. न्हाई तगली, तर तू म्हणशील तसं. मी तोंड उघडणार न्हाई."

"बघा हां, तात्या साक्षी हायत."

"तात्या काय साक्षी असणार? त्ये लुगडं नेसून नाचणारं माणूस."

आम्ही तिघंही हसलो. पण म्हातारीनं काय डावावर लावलं होतं ते तिघांनाही माहीत होतं. त्या वर्षी काळ्या वाणाची कोकरं पुष्कळ झाली होती. ती जगली तर तिची ओटी भरलेली राहणार होती.

त्या चैत्रात टिटवी तळ्यात बसली. अगदी पोटात.

तळ्यातला गाळ लोकांनी ट्रॅक्टरनं बागांसाठी उचलला होता, त्यामुळे मध्ये मोठा खड्डा झाला होता. त्याच्या कडेची भिंत माणसाच्या उंचीपेक्षा जास्त, तळाशी ओल, ओलीवर हिरवी हराळी. टिटवीची अंडी त्याच खड्ड्याच्या ओढ्याकडच्या काठाशी होती. अंबूबाईनं ती पाहिली आणि कोकरांची वाघर खड्ड्यात लावायला सांगितली. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. मोठी मेंढरं दिवसा माळावर चरायला जातात, कोकरं तेवढी वाघरीत राहतात. खड्ड्यात भिंतीची सावली होती, वारा लागत नव्हता, कोवळं गवत होतं. खरं सांगायचं तर सबंध शिवारात त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती.

पारावर विचारणं झालं. विचारणारा कृष्णात. हा कृष्णाकाठचा, ऊसवाल्या घरातला, सैन्यातून सुभेदार होऊन आल्यावर इकडं माळ घेऊन त्यानं बाग लावली होती. त्याला म्हातारीची चेष्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

"काय अंबूमावशी, वेदर रिपोर्ट काय?"

"तळ्यात बसलीया. मिरग कोरडा जाणार."

"आणि आमच्या मोबाईलमधी तर पाणी सोडणार म्हणत्यात, ह्याच आठवड्यात. तळं भरणार."

"मोबाईल अंडी घालतो व्हय रं?" ती म्हणाली, आणि पार हसला. कृष्णातही हसला.

धनाजीच्या फोनवरही तो निरोप आला होता. वाडीच्या ग्रुपवर सगळ्यांनाच आला होता. रात्रीच्या जेवणाआधी तो तळ्यावर आला आणि म्हणाला, "आये, वाघर वर घेऊ. पाणी येतंय म्हणत्यात."

"किती साल झाली येतंय त्ये?"

"तरी पण."

"धना," ती म्हणाली, "जितं टिटवी बसती तितं पाणी येत न्हाई. माज्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. एकदा तरी चुकलंय व्हय?"

चुकलं नव्हतं, हे खरंच होतं. धनाजी वाघर तशीच ठेवून जेवायला गेला. मीही उठलो. वर आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

पाणी दुसऱ्या दिवशी भर दुपारी आलं.

मी बांधावरच्या लिंबाखाली होतो. राणी भाकरी आणायला घरी गेली होती. धनाजी आणि म्हातारी मेंढरं घेऊन समोरच्या टेकडीवर होती. मला पहिल्यांदा दिसले ते बगळे. कालव्याकडून येणाऱ्या कोरड्या ओढ्यात एकाएकी बगळे उतरू लागले, पाच, दहा, मग थवाच. ते एका जागी बसत नव्हते. टुणटुण उड्या मारत ओढ्यातून पुढं पुढं सरकत होते, माना खाली घालून काहीतरी टिपत होते. मला तो नाच वाटला. मी मजा बघत राहिलो.

टेकडीवरून अंबूबाईनंही ते बगळे पाहिले. आणि तिनं ते बरोबर वाचले. भिजणाऱ्या भेगांतून किडे बाहेर पळतात आणि ते टिपत बगळे पाण्याच्या तोंडाबरोबर चालतात, हे तिला नदीकाठच्या उसाच्या रानात ठाऊक झालेलं होतं. धनाजीनं मला नंतर सांगितलं. ती मध्येच थांबली, कपाळाला हात लावून बघितलं, आणि "पाणी" एवढंच म्हणून पळत सुटली. काठी तिथंच टाकली. त्या वयाची बाई.

मला तेव्हा ओढ्यात काळा फेस दिसला. पुढं पाचोळा, काटक्या, प्लास्टिक, आणि मागं लालसर पाणी. आवाज विशेष नव्हता. ओढ्याचं तोंड सरळ त्या खड्ड्याकडं होतं.

माझ्याच्यानं उतरवत नव्हतं. माझ्याकडं होता तो फक्त गळा. माईक नसताना शेवटच्या बैलगाडीपर्यंत ऐकू जायचा, त्या गळ्यानं मी बोंब ठोकली. राणी धावली. बागेतून कृष्णात आणि त्याचे गडी आले. कृष्णात भिंतीवरून तसाच खड्ड्यात उतरला. पाणी गुडघ्याला होतं ते बघता बघता कमरेला आलं, आणि खाली गाळाचा रबडा झालेला. कोकरं जाळीला चिकटली होती, एकमेकांवर चढत होती. जाळी ओढली की तिच्यात त्यांचे पाय गुंतत. कृष्णात हाताला लागेल ते उचलून वर फेकत होता आणि राणी ते झेलत होती. टिटवी वरून किंचाळत घिरट्या घालत होती. तिची अंडी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

अंबूबाई पोचली तेव्हा खड्डा भरला होता आणि पाणी शांतपणे पुढच्या भेगांत शिरत होतं. भेगांतून बुडबुडे येत होते. बगळे थोडे बाजूला होऊन टिपतच होते.

वाचलेली कोकरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काळं एकही नव्हतं.

मेलेली कोकरं आम्ही बांधावर ओळीनं ठेवली. कृष्णात चिखलात नखशिखांत माखलेला, धापा टाकत तिच्यापुढं उभा राहिला. म्हणाला, "मावशी, मी कालच येऊन वाघर उचलाय पायजे हुती."

"तू कशाला, बाबा?" ती म्हणाली. "तू सांगितलं हुतंस की."

त्याहून वाईट संध्याकाळ झाली. मेंढ्या टेकडीवरून खाली आल्या, दुधानं तटतटलेल्या, आणि वाघरीच्या जागेकडं धावल्या. तिथं पाणी. काठाशी उभ्या राहून त्या ओरडू लागल्या. प्रत्येक मेंढीला आपल्या कोकराचा आवाज कळतो, म्हणून त्या ओरडत आणि ऐकायला थांबत, पुन्हा ओरडत. राणी एकेकीला धरून दूध मातीत पिळून टाकत होती, नाहीतर कास सुजते. पिळता पिळता रडत होती. अंबूबाई रडली नाही. ती त्या ओळीशेजारी बसून एकेका काळ्या कोकराच्या कानातला गाळ बोटानं काढत होती.

धनाजीनं आईला त्या बोलीची आठवण करून दिली नाही. करून देणारही नव्हता. आठवड्यानं तीच म्हणाली, "बोलव व्यापाऱ्याला."

"आये, एक काळी तरी ठेव."

"एकटी मेंढी जगत न्हाई. वरडून मरती." आणि मग, "मी बोलले हुते. तात्या साक्षी हायत."

ट्रक आला तेव्हा ती घरात होती. मी दारात बसलो होतो. तिनं बाहेर येऊन पाहिलं नाही, पण मेंढरं फळीवरून चढताना तिचे ओठ हलत होते. ती आवाजावरून ओळखत होती कोण चढली ते.

त्यानंतर तळं भरलेलं राहिलं आणि वाडीला सुख आलं, हेही सांगायला हवं. विहिरी वर आल्या. धनाजीची बाग उभी राहिली. त्या हिवाळ्यात तळ्यावर इतकी पाखरं उतरली की सांगलीहून लोक मोठे कॅमेरे घेऊन येऊ लागले. बदकं, गुलाबी पंखांचे करकोचे, कुठून कुठून आलेली. एका चष्मेवाल्या मुलीनं मला विचारलं, आजोबा, पूर्वी इथं कोणती पाखरं यायची? मी म्हणालो, ते अंबूबाईला विचारा. आणि तिला घेऊन गेलोही. अंबूबाईनं त्या मुलीला पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाली, "मला न्हाई ठावं, बाई. मी पाखरं बघत न्हाई."

खरंच बघत नव्हती. अंगणातून चालतानाही मान खाली. भोरड्या घरावरून गेल्या की ती आत जायची. एकदा मी तिच्या ओसरीवर डोक्यावरून उपरणं घेऊन मावशीची चाल करून दाखवली. राणीला हसू आलं. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बसा तात्या, गुडघं दुखतील."

पुढचा चैत्र आला. पारावर कुणी काही विचारलं नाही. बागांना पाणी उपसून उपसून तळं पुन्हा तळाला गेलं होतं, पुढचं पाणी पाळीनं येणार होतं. एका सकाळी मी बांधावर आलो तर खाली टिटवीचं ओरडणं ऐकू आलं. बघायला गेलो नाही. घरी जाऊन कुणाला सांगितलंही नाही. पण अंबूबाईचं घर काही फार लांब नाही आणि टिटवीचा आवाज सगळीकडं जातो.

दोन-तीन दिवसांनी धनाजीनं ओसरीवर फोन वाचून दाखवला, सोमवारी पाणी सुटणार. अंबूबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "परत वाच." त्यानं परत वाचलं.

सोमवारी सकाळी ती माझ्याकडं आली. वर्षभरात पहिल्यांदा बांधावर. "तात्या, चला," म्हणाली. कुठं, हे मी विचारलं नाही. ती तळ्यात उतरली, मी वरच राहिलो. टिटवी उठली, पंख घासत लंगडू लागली. या खेपेला तिच्या सोंगाकडं कुणी बघितलं नाही. अंबूबाई सरळ अंड्यांपाशी गेली आणि वाकली. टिटवीच्या अंड्याला हात लावायचा नाही, असं तिनंच मला सांगितलं होतं. तिनं चारही अंडी पदरात घेतली.

बांधाच्या माथ्यावर तिनं पायाच्या टाचेनं एक खळगा केला. खडे गोळा केले. मग जुना वाडा बसायचा तिथं जाऊन मुठीत वाळक्या लेंड्या घेऊन आली, कधीच्या त्या देव जाणे, बोटांत चुरा होत होत्या. त्या खळग्यात पसरल्या आणि अंडी ठेवली. आम्ही लांब लिंबाखाली जाऊन बसलो.

"येईल का?" मी विचारलं.

"वरडतीया न्हवं. बघंल की."

टिटवी आली. आमच्या डोक्यावरून दोनदा गेली, खळग्यावरून गेली, आणि खाली तळ्यात उतरली. तिच्या जुन्या जागेवर. तिथं आता काही नव्हतं. ती इकडंतिकडं चालली, चोचीनं एक खडा सारखा केला, आणि त्या रिकाम्या जागेवर पोट टेकून बसली.

दुपारी बगळे आले आणि त्यांच्यामागं पाणी. टिटवी बसूनच होती. पाणी तिच्या पायांना लागलं तेव्हा उठली, पोटाला लागलं तेव्हा उडाली, आणि पुन्हा तिथंच उतरायला बघू लागली. पाण्यावर.

"माज्यावानीच अडाणी हाय," अंबूबाई म्हणाली.

ऊन कडक होतं. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते, हेही अंबूबाईनंच मला कधीतरी सांगितलं होतं. ती उठली. बांधावरून खाली, पाण्यापर्यंत गेली. पदर भिजवला, अर्धवट पिळला, वर आली, आणि खळग्याशेजारी बसून तो ओला पदर अंड्यांवर धरला. स्वतः वाकून सावली केली. टिटवी आता तिच्या डोक्यावर येऊन किंचाळत होती, चोच मारायला खाली झेपावत होती.

"अंबूबाई, उठ," मी म्हणालो. "तू उठलीस तर ती येईल तरी."

"आणि न्हाई आली तर?"

राणी भाकरी घेऊन तिला शोधत आली, बघितलं, आणि माझ्याजवळ बसली. पदर वाळला की म्हातारी उठायची, खाली जायची, भिजवून वर यायची. प्रत्येक खेपेला पाणी थोडं जवळ आलेलं असायचं, तेवढं तिचं चालणं कमी व्हायचं.